पाच किलोमीटर आणि एक कुडी

वहिनी, ते पाकीट आधी इकडे द्या, मग काय विचारायचं ते विचारा. असं कानाशी धरून हलवू नका हो. वाजतंय ते मेडल आहे. हो, मेडल. माझंच. वर नाव वाचलंत ना? मग! काल कुरिअरवाला आला तेव्हा आम्ही दोघं मंडईत होतो, आणि तुम्ही नुकत्याच माहेराहून येऊन दार उघडं टाकून बसलेल्या. तो बिचारा तुमच्या हातात देऊन मोकळा झाला. आता सगळं ऐकल्याशिवाय तुम्ही ते सोडणार नाही, हे दिसतंयच मला. बरं, असं करा, ती मेथीची जुडी घेऊन या. कठड्यावर पेपर पसरा. अर्धी तुम्ही निवडा, अर्धी मी निवडते. आणि मास्क नाकावर घ्या, नाहीतर आमचे हे खिडकीतून ओरडतील.

तर मी रेस पळाले. पाच किलोमीटर. ४ ऑक्टोबरला, रविवारी. हसा, हसून घ्या. कुठे म्हणजे काय, इथेच. आपली कॉलनी आणि खाली गोडोलीचं तळं. बाकीचे? होते की बाकीचे, पण कुणी नागपुरात, कुणी ठाण्यात, कुणी आपल्या गच्चीवर गोल गोल. व्हर्च्युअल म्हणतात त्याला. तुमच्या पुतणीचं लग्न आपण मोबाइलवर नाही का लावलं? लग्न कोल्हापुरात, अक्षता टाकल्या आपण इथे सोफ्यावर बसून, आणि पंगतीला घरचं पिठलं-भात. तसंच हे. नाव नोंदवायचं, पैसे भरायचे. छातीवर लावायचा नंबर मेलवर येतो, तो आपणच छापून आणायचा. मग ठरलेल्या आठवड्यात कुठल्याही दिवशी, कुठल्याही रस्त्यावर पळायचं. फोनमधलं ॲप अंतर मोजतं, वेळ मोजतं. त्याचा फोटो पाठवला की सर्टिफिकेट लगेच येतं, आणि मेडल जमेल तेव्हा. जमेल तेव्हा म्हणजे बघा, ४ ऑक्टोबरचं मेडल ३० नोव्हेंबरला. तीन मेल केले मी त्यांना. तिसऱ्यात लिहिलं होतं, की मी पाच किलोमीटर ४६ मिनिटांत आले, तुमचं मेडल दोन महिन्यांत येत नाही. चिरंजीवांनी ते वाक्य खोडायला लावलं. चांगलं वाक्य होतं.

नाही हो, मला कुठली हौस. पळणाऱ्यांना बघायची सवय तेवढी होती. आपल्या साताऱ्यात २०१२ पासून ती हिल मॅरेथॉन भरते, यवतेश्वरचा घाट चढून उतरायचा, २१ किलोमीटर. २०१५ साली गिनीज बुकातसुद्धा नाव गेलं तिचं. आपण दोघी उभ्या राहायचो नाही का रस्त्याच्या कडेला, तुम्ही खडीसाखर घेऊन आणि मी लिमलेटच्या गोळ्या घेऊन? एकदा तर तुम्ही एका घामाघूम गृहस्थांना म्हणालात, "आता थोडंच राहिलं," आणि त्यांचं अजून चौथंच किलोमीटर चाललं होतं. काय बघितलं होतं त्यांनी तुमच्याकडे! आणि आपल्याच जिल्ह्यातली ती ललिता बाबर, माण तालुक्यातल्या मोहीची. २०१६ ला रिओत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत गेली. ट्रॅकवरच्या शर्यतीत पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी आपली एखादी बाई तिथवर पोचली. आमची लेक मला नेहमी टोमणा मारते, की दुष्काळी माणातली मुलगी ऑलिंपिकला गेली आणि माझी आई शाहूनगरातून गोडोली नाक्यापर्यंत जायला रिक्षा करते.

खरं कारण सांगू? सातशे रुपये. चिरंजीव मार्चपासून पुण्याहून येऊन माझ्या डोक्यावर बसलेत, दिवसभर लॅपटॉप आणि दर तासाला चहा. जुलैत त्यांनी कुठल्याशा रेसला नाव घातलं. दोन नावं दिली की सवलत मिळते म्हणून दुसरं नाव माझं टाकलं. स्वतःला दहा किलोमीटर, मला पाच. दोघांचे मिळून सातशे. मला कळलं तेव्हा पैसे जाऊन दोन दिवस झाले होते. परत मिळणार नाहीत म्हणे. सातशे रुपयांत महिन्याचं गोडंतेल येतं वहिनी! मी म्हटलं, गेलेच आहेत तर वसूल करीन. त्याचे तीनशे पन्नास बुडाले ते बुडाले. तो दहा किलोमीटर काय, फाटकापर्यंत नाही पळाला. परवा परवापर्यंत म्हणत होता, गुडघा दुखतोय. बसून गुडघा दुखतो का कधी?

सुरुवात केली राखी पौर्णिमेला, ३ ऑगस्टला. भाऊ येणार नव्हता, ओवाळणी नव्हती, म्हटलं मुहूर्त तरी चांगला आहे. लेकीनं फोनवर एक वेळापत्रक पाठवलं होतं, नऊ आठवड्यांचं. आठवड्यातून तीन दिवस. एक मिनिट पळायचं, दीड मिनिट चालायचं, असं वीस मिनिटं. हे वेळापत्रक अमेरिकेतल्या जॉश क्लार्क नावाच्या मुलानं १९९६ साली बसवलं म्हणे, आणि कुणासाठी? आईसाठी! म्हणजे आयांना पळवणारी कार्टी तिकडेही आहेत.

आता तुम्हाला वाटेल, एक मिनिट म्हणजे काय मोठंसं. मलाही वाटलं होतं. एका मिनिटात फोडणी करपते एवढंच आपल्याला माहीत. पहिल्या दिवशी मी पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला खोचलेली, पायात चिरंजीवांचे जुने बूट दोन-दोन मोजे घालून. पळाले. तुमच्या फाटकापासून निघाले ती तिसऱ्या बंगल्यापर्यंत पोचले, वाटलं झालं मिनिट. फोन बघितला तर २२ सेकंद. उरलेल्या ३८ सेकंदांत मला माझे वडील आठवले, गेलेले. छाती भात्यासारखी वरखाली. दुसऱ्या दिवशी नडग्या अशा दुखायला लागल्या की गणपतीची मखरं काढायला माळ्यावर चढता येईना.

तेव्हा लेकीनं सांगितलं, आई, तू फार जोरात पळतेस. मी! जोरात! म्हणाली, नव्यानं पळणाऱ्यानं गप्पा मारता येतील इतक्याच वेगानं पळायचं. एक अख्खं वाक्य न तुटता बोलता आलं की वेग बरोबर. दोन-दोन शब्दांवर धाप लागली की वेग जास्त, हळू व्हायचं. आणि हळू म्हणजे इतकं हळू, की शेजारून कुणी भरभर चालत गेलं तर ते पुढे जाईल. जाऊ द्यायचं त्यांना.

एकटीनं गप्पा मारायच्या कुणाशी? तुमच्याशीच मारल्या मी. खरं सांगते. राखी पौर्णिमेपासून ऑक्टोबरपर्यंत दर सोमवारी, बुधवारी नि शुक्रवारी पहाटे मी तुमच्याशी बोलतेय, तुम्हाला पत्ता नाही. दुधाचा भाव दोन रुपयांनी वाढला, पलीकडच्या लाइनीतल्या त्या नव्या बिऱ्हाडानं कुंड्या रस्त्यावर मांडल्यात, समोरच्यांची सून माहेरी गेली ती लॉकडाऊनमुळे की दुसऱ्याच कशामुळे, सगळं. तुम्ही काय उत्तर द्याल ते पण मीच बोलायची, तुमच्याच आवाजात. वाक्य तुटलं की हळू व्हायचं. तुमची वाक्यं लांब असतात वहिनी, त्यानं माझा दम सुधारला.

पण ह्या बोलण्यानंच घात केला. तोंड हलतंय, मास्क हनुवटीवर, पहाटे साडेपाचला बाई एकटीच पुटपुटत रस्त्यानं जातेय. कोपऱ्यावरच्या काकूंनी बघितलं. त्यांनी कामवालीवर चोरीचा आळ घेऊन तिला काढलं तेव्हापासून अंगण त्या स्वतःच झाडतात, भल्या पहाटे. त्यांच्या दारावरून जायचं म्हणजे एवढा मोठा खराटा हातात धरून परीक्षक उभा. त्यांनी कॉलनीत काय काय सांगितलं ते मला भाजीवाल्याकडून कळलं. एक, मला साखर निघाली आणि डॉक्टरांनी घाबरवलंय. दोन, ह्यांच्याशी माझं वाजलंय म्हणून मी पहाटे घर सोडते. तीन, मी कसलंसं अनुष्ठान करतेय, अमुक लाख जप. मला तिसरं आवडलं. दुसऱ्याची मात्र ह्यांना फार काळजी लागली, तेव्हापासून फाटकापर्यंत सोडायला यायला लागले, सगळ्यांना दिसेल असे.

पाचव्या आठवड्यात मी जवळजवळ सोडलंच होतं. त्या वेळापत्रकाच्या पाचव्या आठवड्यात मोठी लबाडी आहे. आधी पाच-पाच मिनिटं पळवतात, मग आठ-आठ, आणि तिसऱ्या दिवशी एकदम सलग वीस मिनिटं, मध्ये चालणं नाही. आणि माझा पाचवा आठवडा आला कधी, तर अनंत चतुर्दशीला. दहा दिवसांचे मोदक पोटात. सातव्या मिनिटाला बरगडीखाली अशी कळ आली की तळ्याच्या कठड्यावर बसून राहिले. तिथे चार भिंतीच्या टेकडीवरून उतरून आलेले एक आजोबा होते, वय असेल पंचाहत्तर. म्हणाले, "नाकानं नको, तोंडानं श्वास सोडा, पोटातून." आणि हात मागे बांधून निघून गेले. पुढच्या खेपेला वीस मिनिटं झाली. आजोबा परत दिसले नाहीत. दिसले तर पेढे द्यायचेत.

बरं, रेस. अधिक महिना होता, लक्षात आहे ना. जावयाला ३३ अनारशांचं वाण द्यायचं आणि जावई इकडे येऊ शकत नव्हता, म्हणून आदल्या दिवशी अनारसे तळून कुरिअरला देत होते. म्हणजे रेसच्या आदल्या दिवशी लोक आराम करतात, मी तुपाच्या कढईपुढे. रात्री नंबर छापून आणला, चार सेफ्टी पिना लावून कुडत्यावर टाचला आणि वरून ह्यांचं जर्किन घातलं. चेन गळ्यापर्यंत. नंबर कुणाला दिसू नये म्हणून! नंबर लावतात तो दिसण्यासाठी, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

सहाला निघाले. अंधुक होतं, आदल्या रात्रीचा पाऊस झाडांवरून टिपकत होता. सुरुवातीला बंदूक नाही, शिट्टी नाही, गर्दी नाही. फोनवर बोट ठेवलं, तीन-दोन-एक दिसलं आणि ॲपमधली बाई इंग्रजीत म्हणाली, की तुझं चालू झालं. ह्यांनी फाटकातून हात केला, जणू काही मी पुण्याच्या एसटीत बसलेय. एवढाच काय तो सोहळा.

आणि पहिल्याच किलोमीटरला मी करायची ती चूक केली. आपल्याकडून गोडोलीकडे उतार. पाय आपोआप पडत होते, वाटलं, काय सोपं आहे हे! पहिलं किलोमीटर साडेसात मिनिटांत. मला कळायला हवं होतं, की जो उतार जाताना मिळतो तो येताना वसूल करतो. शाहूनगरात जन्म काढला, भाजीच्या पिशव्या घेऊन हाच चढ हजार वेळा चढले, पण पळायच्या नादात चढ कुठे आहे हेच विसरले. शहाण्या माणसानं आधी चढ घ्यावा आणि उताराला शेवट करावा. पुढच्या वेळी.

दुसरं किलोमीटर बरं गेलं, त्याचं सांगण्यासारखं काही नाही. तिसऱ्यात कुत्री. हमरस्त्याला लागले तर तीन कुत्री झोपलेली, एकानं मान वर केली आणि माझ्या बरोबरीनं धावायला लागलं, भुंकत नाही, काही नाही, नुसतं शेजारून. गप्पांचा वेग असल्यामुळे मी त्याच्याशीच बोलत राहिले. अर्धा किलोमीटर साथ दिली त्यानं. परत फिरले तर ते तिथेच बसलं. आणि समोर चढ.

चौथ्या किलोमीटरला वाक्यं तुटायला लागली. आधी चार शब्दांवर, मग दोनांवर. मग तुमच्याशी बोलणंच बंद पडलं. थांबावं वाटत होतं, आणि थांबले असते तरी कुणाला कळणार होतं? हे फार वाईट असतं वहिनी, ह्या असल्या रेसमध्ये. यवतेश्वरच्या घाटात पाय थांबला तर बाजूचा पळणारा बघतो, कडेचा माणूस ओरडतो, खडीसाखर घेऊन बाई उभ्या असतात. इथे मी, ओला रस्ता आणि एक दूधवाला. अगदी खरं बोलायचं तर आदल्या रात्री चिरंजीव म्हणाले होते, "आई, फोन मला दे, मी सावकाश गाडीवरून फिरवून आणतो, पाचाचे पाच होतील." तसं करणारे असतात म्हणे. मी म्हटलं, मग मेडल कुणाला घालायचं, स्कूटीला? पण त्या चढावर, देवाशपथ, स्कूटी आठवली मला. आणि लगेच तुम्ही आठवलात, "आता थोडंच राहिलं" म्हणणाऱ्या, आणि त्या गृहस्थांचं तोंड. हसूच आलं. हसताना पळता येत नाही, पण थांबताही येत नाही. तशीच वर आले.

कॉलनीचं वळण आलं, तुमचं फाटक दिसलं, माझं फाटक दिसलं. झालं, म्हटलं. फोन बघितला. ४.८३.

अहो पाच पाहिजेत ना! घरी मोजून घेतलं होतं, बरोबर पाच होतं. मग चिरंजीवांनी समजावलं नंतर. तो फोन म्हणजे वर वीस हजार किलोमीटरवरून फिरणाऱ्या उपग्रहांना विचारत असतो, मी कुठे आहे. निदान चार उपग्रह दिसावे लागतात. मोठी झाडं आली, की मध्येच त्याचा अंदाज चुकतो. शिवाय तो दर काही सेकंदांनी एक ठिपका टाकतो आणि ठिपके सरळ रेघेनं जोडतो, म्हणजे आपण वळसा घालून गेलो तरी तो कोपरा कापून जातो. तळ्याचं सगळं वळण खाल्लं त्यानं माझं. वीस हजार किलोमीटरवरून बघणाऱ्यांचं चुकतं, दहा फुटांवरून बघणाऱ्या तुमचं कधी चुकत नाही.

म्हणून मग १७० मीटर राहिले ते कुठे पळायचे? उतारावर परत जायची ताकद नव्हती. आपल्या दोन फाटकांसमोरच पळाले. तुमच्या तगरीपासून माझ्या जास्वंदीपर्यंत, परत तगर, परत जास्वंद. नजर फोनवर. ४.८८. ४.९१. तोंडानं पुटपुटत. आणि तेवढ्यात तुम्ही टॉर्च घेऊन बाहेर आलात.

आठवलं? "काय हरवलं हो?" म्हणालात. आणि मी धापत होते, वाक्य बोलायला दम नव्हता, आणि खरं सांगायची लाज वाटली. सकाळी पावणेसातला, अधिक महिन्यात, नवऱ्याचं जर्किन घालून ही बाई रस्त्यात पळतेय कशाला, तर रेस आहे म्हणून? तोंडातून निघून गेलं, "कानातलं." आणि तुम्ही लगेच वाकलात हो! टॉर्च मारत गटाराच्या कडेला, तगरीखाली. मी तुमच्यामागून वाकल्यासारखं करत पळतेय. ४.९७. मग समोरचे काका आले. मग त्यांचा नातू. तीन माणसं माझं न हरवलेलं कानातलं शोधत असताना माझ्या फोनमधली बाई म्हणाली, की पाच किलोमीटर, ४६ मिनिटं १२ सेकंद. आणि काका म्हणाले, "मोबाइलमध्ये काय बोलतंय?" मी म्हटलं, "बातम्या."

हसू नका हो, मेथी सांडतेय.

त्याच दिवशी दुपारी लंडनची मॅरेथॉन होती. चिरंजीवांनी दाखवली. तिथेही तेच! मोठे मोठे पळणारे राजवाड्याजवळच्या एका बागेला एकोणीस-वीस चकरा मारत होते, पावसात, आणि बघायला कुणी नाही. कडेला राणीचे नि तिच्या घरच्यांचे पुठ्ठ्याचे पुतळे उभे केलेले. बाकी हजारो लोकांनी आपापल्या गावात चोवीस तासांत कधीही पळायचं, माझ्यासारखं. तो केनियाचा किपचोगे, ज्यानं वर्षभरापूर्वी व्हिएन्नात दोन तासांच्या आत ४२ किलोमीटर काढले, सात वर्षांत हरला नव्हता, तो आठवा आला. कान बंद झाला होता म्हणाला. मला इतकं बरं वाटलं! म्हणजे तो हरला म्हणून नाही, पण त्याचाही कान, माझंही कानातलं.

आणि परवाच्या रविवारी दिल्लीला आपल्या बीडचा अविनाश साबळे, आष्टी तालुक्यातला, सैन्यातला मुलगा. अर्धी मॅरेथॉन एक तास ३० सेकंदांत. आजवर कुणा भारतीयानं ६१ मिनिटांच्या आत केली नव्हती. चिरंजीवांनी हिशेब मांडून दाखवला, की माझ्या ४६ मिनिटांत तो सोळा किलोमीटर जाऊन आला असता. म्हटलं, जाऊ दे की. त्याला अनारसे तळायचे नव्हते.

वजन? कसलं काय. पाच किलोमीटर पळून जळतं किती, तर आपलं वजन गुणिले अंतर, म्हणजे माझे तीनशे चाळीसच्या आसपास. तेवढं चार कंदी पेढ्यांत भरून येतं. आणि माझ्या मेडलचे तुम्ही आठ मागणार आहात.

आता सगळं सांगून झालं. द्या पाकीट. कानातल्याबद्दल माफी मागते, तुमची कंबर धरली होती त्या दिवशी, मला माहितेय. पण कानातलं काही हरवलंच नव्हतं.

काय झालं? अशा काय बघताय?

अहो, आत कुठे चाललात? पाकीट तरी ठेवून जा!

...हे काय? पुडीत काय आहे? कुडी? कुठे मिळाली? फाटकापुढच्या गटारातली माती काढताना, दिवाळीच्या साफसफाईत? आणि माझीच समजून जपून ठेवलीत, भाऊबीजेहून आल्यावर द्यायला. बाई, बाई. थांबा, उजेडात धरा. सात मोती. मध्ये लाल खडा. मागचं मळसूत्र वाकलेलं. वहिनी, ही माझी नाही. ही कोपऱ्यावरच्या काकूंची.

रथसप्तमीचं हळदीकुंकू तुमच्याकडे होतं ना? त्या निघताना इथेच, ह्या फाटकाशी, कानाला स्कार्फ गुंडाळत होत्या. गार वारं सुटलं होतं, मी शेजारी उभी होते. तेव्हाच पडली असणार. पावसाळाभर मातीत. आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी सरळ त्या बाईचं नाव घेतलं. ती रडत होती, आठवतंय? देवाच्या शपथा घेत होती. आणि आपण दोघी इथेच उभ्या राहून म्हणालो होतो, "काय सांगावं हो हल्ली कुणाचं." हो, म्हणालो होतो. मी तरी म्हणाले होते. पुढच्याच महिन्यात सगळं बंद झालं, तिला कुणी दुसरं काम दिलं असेल का त्या दिवसांत?

आधी काकूंकडे? नाही, नको. आधी तिच्याकडे. तिच्या हातात देऊ, आणि तिला बरोबर घेऊनच काकूंच्या दारात जाऊ. माची पेठेत राहते ती, माझ्याकडे पत्ता आहे, दिवाळीची ओवाळणी द्यायला एकदा गेले होते तिच्याकडे. मेथी राहू दे तशीच. ह्यांना सांगते झाकून ठेवायला. कुडी पदराला नका बांधू, पर्समध्ये ठेवा, आतल्या कप्प्यात.

रिक्षा कशाला? फार तर तीन किलोमीटर. चपला नको, ते कॅनव्हासचे बूट आहेत ना तुमचे, ते घाला. पाकीट राहू दे तिथेच कठड्यावर.